तीन बर्फांचं बीड

इगाराशी तोयोसानना कुणी वय विचारलं की त्या वर्षं सांगत नसत. "एकसष्ट बर्फ झाले," म्हणायच्या. आमच्या नागाओकात, जपानच्या बर्फाळ भागात, हिवाळा छातीपर्यंत साचतो, त्यामुळे हे ऐकून कुणाला नवल वाटत नसे. पण तोयोसान बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वयही याच मापात मोजत, आणि त्यांच्या त्या मोजणीवर आमचा सगळा कारखाना उभा होता.

कामाबुची कारखान्यात ग्राइंडिंग मशिनं बनतात. मशिनचा बेड, म्हणजे बाकी सगळं ज्यावर बसतं तो बिडाचा लांबलचक पाया, ओतून आल्या आल्या कामाला घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम. आधी तो मागच्या आवारात उघड्यावर ठेवायचा. त्याच्यावर ऊन पडू द्यायचं, पाऊस पडू द्यायचा, आणि तीन हिवाळ्यांचा बर्फ पडू द्यायचा. मगच त्याला छपराखाली आणून कापायचं.

हे असं का, ते मी कॉलेजात शिकलो होतो. ओतलेलं बीड सगळीकडे सारखं थंड होत नाही, त्यामुळे त्याच्या आत ताण राहतात, आणि ते सावकाश सुटतात. तोयोसान हेच जरा थोडक्यात सांगत. "नवं बीड आतून चिडलेलं असतं. चिडलेल्याला कापलं तर ते वाकडं होणारच. त्याला आधी बाहेर बसू द्यावं."

नियम घालून दिला तो आमच्या पहिल्या मालकांनी. पूर्वेकडच्या टेकड्यांत तेलाच्या विहिरी होत्या, त्यांचे पंप दुरुस्त करता करता ते लेथ बनवायला लागले. युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात शहर जळलं तेव्हा कारखान्याचं छप्पर, पट्टे, नकाशे, सगळं गेलं. उरली ती मागच्या मुळ्याच्या शेतात टाकून दिलेली सात कास्टिंग्ज, बिडाचे ओतीव भाग. युद्धात कुणाला वेळ नव्हता म्हणून ती तिथंच पडून राहिली होती. मालकांनी त्यांतूनच नव्याने लेथ बनवले, आणि ते इतके सरळ निघाले की मालक स्वतः चक्रावले. आधीच्या लेथांपेक्षा चांगले! का, याचा विचार करत ते म्हणे दोन दिवस त्या मुळ्याच्या शेतात फिरले. त्यानंतर ते शेत कधी नांगरलं गेलं नाही; तेच आमचं मागचं आवार.

तोयोसान आल्या १९५१ साली. तेव्हा ओतशाळा कारखान्यातच होती आणि त्यांचं काम वाळू चाळायचं. पुढे ओतशाळा बंद झाली, कास्टिंग्ज बाहेरच्या गावाहून यायला लागली, आणि वाळू चाळणाऱ्या बायकांना मालकांनी विचारलं, आता कुठं काम कराल? बाकीच्या आत गेल्या. तोयोसान म्हणाल्या, "मला बाहेरच ठेवा. आत फार आवाज असतो आणि सगळे एकमेकांच्या सासवांबद्दल बोलतात." तेव्हापासून आवार त्यांचं. आलेलं कास्टिंग क्रेनने कुठं ठेवायचं ते त्या सांगायच्या, त्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगाने महिना आणि वर्ष लिहायच्या, तण उपटायच्या, बर्फ झाडायच्या. दोन कास्टिंगांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी गोल वांगी लावली होती. दिवसभर तापलेलं लोखंड रात्री मातीला ऊब देतं, त्यामुळे त्यांची वांगी गावात सगळ्यात आधी बाजारात दिसायला लागत. म्हणजे बाजारात नव्हे, आमच्या कँटीनमध्ये. त्यांचे यजमान टॅक्सी चालवून निवृत्त झाले होते आणि घरी लोणची घालत. "रोज घालतात," तोयोसान सांगायच्या, "आणि रोज मीठ विसरतात. आता शेजारीही दार उघडत नाहीत."

तर अशा या बाईंकडून ८२ सालच्या डिसेंबरात एक चूक झाली. चूक म्हणायची तर ती सभ्यपणाची होती.

अठ्ठावीस तारखेला आमच्याकडे वर्षअखेरची मोठी सफाई असते. त्या दिवशी मशिन बंद, आणि अध्यक्षांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळे हातात फडकं घेऊन उभे. पॅकिंग विभागाचे प्रमुख मारुयामासान हे या कामातले दादा. आवाज मोठा, बाह्या कायम वर केलेल्या. त्यांच्या विभागाची सफाई दहा वाजताच उरकली आणि ते तोयोसानांसमोर येऊन उभे राहिले.

"तोयोसान, यंदा तुमचं आवार आम्ही करणार! तुम्ही कँटीनमध्ये जाऊन ऊब घ्या."

"अहो छे छे, एवढ्या थंडीत तुम्हाला कशाला त्रास? तिथं काय, गंजच तर आहे."

आता आमच्याकडे ज्याला मदत हवी असते तोही आधी असंच म्हणतो आणि ज्याला नको असते तोही असंच म्हणतो. खरं नको असेल तर तीनदा म्हणायचं असतं. तोयोसानना दुसऱ्यांदा म्हणायचं होतं, पण तेवढ्यात कँटीनमधून कुणीतरी त्यांना हाक मारली.

मारुयामासाननी नऊ माणसं घेतली. वायर ब्रश घेतले, थिनर घेतलं. त्या वर्षी बर्फ उशिरा होता, आणि जो पडला होता तो आवारात बर्फ वितळवायला टाकलेल्या पाइपांच्या कोमट पाण्याने वितळलेला. चार तासांत त्यांनी सव्वीसच्या सव्वीस बेड घासले. गंज काढला, डाग काढले. कुशीवरचे ते जुनाट पांढरे आकडेही काढले. वर मशिन ऑइलचा पातळ हात दिला.

सहा जानेवारीला सुट्टी संपवून तोयोसान आवारात आल्या तेव्हा सगळे बेड नव्या लाखेच्या डब्यांसारखे काळेभोर चमकत होते, आणि मारुयामासान हात मागे बांधून वाट बघत उभे होते.

"कसं वाटतंय?"

"फार... फार कष्ट घेतलेत तुम्ही," तोयोसान म्हणाल्या आणि कमरेत वाकल्या. मग अवजारांच्या खोपीत जाऊन अर्धा तास बादलीवर बसून राहिल्या.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. मारुयामासान त्या आठवड्यात जो भेटेल त्याला आवार दाखवायला घेऊन जात होते. अशा माणसाला काय सांगणार?

सतरा तारखेला सांगावंच लागलं. बेअरिंगच्या एका कारखान्याची चार मशिनांची मागणी आली होती, त्यासाठी तीन बर्फ झालेले चार बेड हवे होते. आमचे कारखाना व्यवस्थापक कासाहारा साहेब स्वतः आवारात आले. मी डिझाइन विभागातला, ती चार मशिनं माझ्या टेबलावर होती, म्हणून मीही बरोबर होतो.

"कोणते चार, तोयोसान?"

तोयोसाननी डोक्यावरचा रुमाल काढला. "साहेब, ते चार या सव्वीसांत आहेत. कोणते, ते मला सांगता येत नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मारुयामासानांचं नाव मात्र घेतलं नाही. "मी सफाई करू दिली," एवढंच म्हणाल्या.

"नोंदवहीत?"

"नोंदवहीत जागा लिहिलेली असते. ऑक्टोबरात नवे पाइप टाकताना सगळे बेड उचलून इकडचे तिकडे केले. रंगाचे आकडे होतेच, म्हणून वहीत बदललं नाही. बर्फ वितळल्यावर बदलणार होते."

साहेबांनी ओतशाळेला फोन लावला. सव्वीसही बेड एकाच साच्यातले, त्यावर साच्याचा आकडा सोडून काही नाही. तिकडचा म्हातारा फोनवर म्हणाला म्हणे, "आम्ही ओततो आणि विसरतो. आठवण ठेवणं तुमचं काम."

कासाहारा साहेब वाईट माणूस नव्हते. नागोयाकडच्या मोठ्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी आले होते, रागावले तर आवाज खाली जायचा.

"यातले किती तुम्हाला ओळखीचे आहेत?" त्यांनी हळू विचारलं.

"सात-आठ वाटतात."

"वाटतात की माहीत आहेत?"

तोयोसाननी सगळ्या बेडांवरून एकदा नजर फिरवली. तेव्हा त्या खोटं बोलू शकल्या असत्या. कुणाला कळलंही नसतं, निदान लगेच तरी.

"वाटतात," त्या म्हणाल्या.

मग साहेबांनी जे सांगितलं ते असं. भट्टीत घालून तापवलं आणि सावकाश थंड केलं की हेच ताण दोन दिवसांत सुटतात. मोठे कारखाने तेच करतात. निइगाता शहरात तशी भट्टी आहे. शनिवार, बावीस तारखेपर्यंत चार बेड खात्रीने दाखवता आले तर ठीक. नाहीतर सोमवारी ट्रक येईल आणि सगळे सव्वीस भट्टीला जातील.

"आणि एकदा सगळं भट्टीतूनच जायला लागलं," साहेब म्हणाले, "तर मग या आवाराचं काम उरणार नाही. कामगारांच्या गाड्या रस्त्यावर बर्फाखाली गाडल्या जातात. इथं साठ गाड्या सहज बसतील. तोयोसान, तुम्हाला आत काम देऊ. कँटीनमध्ये, तुम्ही म्हणाल तिथं."

"भट्टी चांगलीच असेल, साहेब," तोयोसान म्हणाल्या. "मी कुठं वाईट म्हणते?" आणि परत वाकल्या. पण साहेब गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "होन्माकुन, गाड्या इथं उभ्या केल्या तर वांग्यांचं काय रे होईल?" आणि मग, "वांग्यांचं मरू दे. मी एवढी वर्षं यांना सांभाळलंय. छपराखाली मला झोप येते."

मंगळवारी त्या दिवसभर आवारात होत्या. हातोडीने प्रत्येक बेड वाजवून ऐकत होत्या, बोटांनी चाचपत होत्या. बुधवारीही तेच. दुपारच्या सुट्टीत हिशेब विभागातल्या फुसाएसान आणि मी त्यांच्यासाठी भाताचे गोळे घेऊन गेलो. फुसाएसान म्हणजे आमच्या हिशेबातल्या सगळ्यात चटपटीत बाई. त्यांनी बसायला एका बेडवरचा बर्फ झाडला, उशी टाकली, बसल्या आणि लगेच उठल्या.

"हा माझा नाही."

"तुमचा नाही म्हणजे?" मी विचारलं.

"अरे, बसायचा. एप्रिलमध्ये. आमच्या बेडला इथं," त्यांनी स्वतःच्या डाव्या बाजूला खाली हात लावला आणि लाजल्या, "इथं खाली एक गाठ आहे. तीन वर्षं टोचतेय मला. ८० साली माझं लग्न ठरलं, नवा किमोनो घालून आले होते मी बहराला, आणि त्या गाठीने तो फाडला. आईने त्यावरून मला ऐकवणं अजून सोडलेलं नाही."

तोयोसानांचा घास हातातच राहिला.

मी सांगायला हवं होतं, आवाराच्या कडेला चेरीची तीन झाडं आहेत. दर एप्रिलला बहर आला की सगळा कारखाना तिथं जेवतो, पितो, गातो. बसायला बेडच असतात. प्रत्येक विभागाचा आपला ठरलेला बेड. तो जोपर्यंत आवारात आहे तोपर्यंत त्यावर दुसऱ्या विभागाचं कुणी बसत नाही. बेड कामाला आत गेला की विभाग दोन दिवस हळहळतो आणि नवा शोधतो. हे कुठं लिहिलेलं नाही आणि कुणी कधी ठरवलेलंही नाही.

"८० सालच्या बहराला," तोयोसान सावकाश म्हणाल्या, "या साच्याचे चारच बेड होते. आदल्या शरदात आले होते. तोवर एक बर्फ खाल्ला होता त्यांनी. बाकीचे बावीस नंतरचे." त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे ८० साली ज्याच्यावर कुणी बसलं होतं, त्याचे आज तीन बर्फ पुरे."

"चार बेड, चार विभाग?" मी विचारलं.

"तीन. हिशेब, डिझाइन आणि पॅकिंग. चौथ्यावर माझी शेगडी होती."

मला एकदम हसू फुटलं, कारण त्या तिनातला एक बेड माझा होता. ८० च्या एप्रिलात मी नोकरीला लागलो आणि पहिलंच काम मिळालं ते जागा धरण्याचं. बहराच्या दिवशी विभागातल्या सगळ्यात नव्यांनी पहाटे येऊन जागा अडवून बसायचं असतं. बागेत ते ठीक आहे, तिथं गर्दी असते. आमच्या स्वतःच्या आवारात, कुलूपबंद फाटकाच्या आत, जागा कोण पळवणार होतं? पण प्रथा म्हणजे प्रथा. डिझाइनमधले आम्ही तिघं नवे सकाळी सहापासून बारापर्यंत त्या बेडवर बसून होतो. त्याच्या मधोमध, अगदी मोक्याच्या जागी, एक आडवी धार आहे. ती मी विसरणं शक्य नव्हतं.

मी तसाच कासाहारा साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"होन्माकुन, तू इंजिनिअर आहेस ना?"

"हो साहेब."

"आणि तू मला सांगतोयस की बेड ओळखायचं उपकरण म्हणून आपण... बसण्याची जागा वापरायची."

"कारखान्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं उपकरण आहे, साहेब." हे तोंडातून निघून गेलं आणि माझे कान तापले.

साहेब हसले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत. "डोळे बांधून," ते म्हणाले. "आधी आकडे टाका, एक ते सव्वीस. प्रत्येक विभागाचे तिघं, एकेकटे. उत्तर चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. तिघांचं एक आलं तरच मानीन."

शनिवारी अर्धा दिवस काम असतं. बाराचा भोंगा झाला आणि घरी जायचं सोडून दीडशे माणसं आवारात जमली. बर्फ अगदी बारीक, पिठासारखा पडत होता. कुणीतरी निष्पर्ण चेरीच्या फांद्यांना पॅकिंगच्या गुलाबी कागदाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं, कारण मारुयामासान वर बघत होते आणि पहाटे झाडावर खाल्लेल्या थंडीने परत परत शिंकत होते. आपण काय पुसलं ते त्यांना गुरुवारी कळलं होतं. ते तडक तोयोसानांकडे गेले होते, गुडघ्यावर बसून माफी मागायला लागले, तशा तोयोसानही गुडघ्यावर बसल्या, आणि दोघं एकमेकांना वाकून वाकून चिखलात माखले, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं.

पहिल्या फुसाएसान. डोळ्यांवर रुमाल बांधून एकेका बेडवर बसत, जरा सरकत, उठत निघाल्या. लोक ओरडायला लागले.

"सावकाश हो, किमोनो फाटेल!"

"नवऱ्याला तरी एवढं पारखून घेतलं होतं का?"

"त्याला पारखलं असतं तर आज तुमचे हिशेब करत बसले नसते!" फुसाएसान रुमालाआडून म्हणाल्या आणि सतराव्या बेडवर बसल्या बसल्या किंचाळल्या. मग जीभ चावून गप्प झाल्या, कारण बोलायचं नव्हतं. साहेबांनी ती किंचाळी ग्राह्य धरली नाही. चिठ्ठी मागितली. बाकीच्या दोघींना त्यांनी आधीच कँटीनमध्ये बसवून ठेवलं होतं. त्यांच्याही चिठ्ठ्या आल्या. सतरा, सतरा, सतरा.

मग आम्ही डिझाइनवाले. माझी पाळी आली तेव्हा मला खरंच भीती वाटत होती. बर्फात बसून बसून दहाव्या बेडपर्यंत माझं उपकरण बधिर झालं. पण अकराव्यावर बसलो आणि ती धार अशी ओळखीने भेटली की डोळ्यांसमोर ८० सालची सकाळ आली: नवा कोट, नवे बूट, आणि आम्ही तिघं एकमेकांची नावंही नीट माहीत नसताना थंडीने कुडकुडतोय. अकरा, अकरा, अकरा.

पॅकिंगमध्ये घोळ झाला. दोघांनी चार लिहिलं. मारुयामासाननी लिहिलं बावीस.

मारुयामासानांचा चेहरा रडवेला झाला. "साहेब, मला काहीच आठवत नाही. मी नक्की बसलो होतो..."

"बसलात कधी?" गर्दीतून पॅकिंगचीच एक बाई ओरडली. "दर वर्षी पहिल्या अर्ध्या तासात आडवे होता तुम्ही!"

कासाहारा साहेबांनी क्षणभर विचार केला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात कठीण तांत्रिक निर्णय असेल. "मोजणी ज्या स्थितीत झाली, त्याच स्थितीत पडताळावी," ते म्हणाले. "झोपा."

मारुयामासान डोळे बांधून एकेका बेडवर उताणे झोपत गेले. एकदा अर्धवट वाटेत त्यांनी घोरल्याचं नाटक केलं, तर साहेबांनी नुसतं घड्याळ पाहिलं. चौथ्या बेडवर त्यांनी पाठ टेकली, मान डावीकडे वळवली, आणि त्यांची मान एका खोलगट भागात अशी बसली की लोकांनी टाळ्याच वाजवायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि त्यांना उरलेल्या सगळ्या बेडांवरही झोपायला लावलं. चिठ्ठी आली: चार.

तीन झाले. चौथा राहिला, आणि चौथ्यावर कधीच कुणी बसलं नव्हतं.

"तुम्ही तरी?" साहेबांनी तोयोसानना विचारलं.

"मला कुठलं बसायला मिळतंय, साहेब? दीडशे माणसांना वाढायचं असतं." तोयोसान बाह्या मागे सारत पुढे आल्या. "त्याच्यावर शेगडी असते, शेगडीवर रश्शाचं मोठं भांडं. ते दर वर्षी डुगडुगतं. मागच्या डाव्या पायाखाली काडेपेटी लावते मी. आडवी. उभी लावली तर जास्त होते, दुमडलेला कागद लावला तर कमी."

"हे आत्ता सांगताय, शेगडी ठेवण्याआधी," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला होता. त्यांनी स्वतः काडेपेटी मागवली, मापली, आकडा वहीत लिहिला. "शेगडी कुठं ठेवायची तेही सांगा."

"डाव्या टोकाकडून दोन हात. दर वर्षी तिथंच. तिथून सगळ्या बाजूंना डाव पोचतो."

कँटीनमधून शेगडी आली, भांडं आलं. तोयोसान म्हणाल्या, "रिकाम्या भांड्याचं खरं नाही. भरलेलं असेल तसंच ते डुगडुगतं." यात विज्ञान किती आणि सकाळपासून त्यांनी रांधून ठेवलेला अळकुडी-गाजराचा रस्सा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण भांडं भरलेलं होतं, वाफाळत होतं, आणि पॅकिंगची दोन दणकट माणसं ते उचलून बेडामागून बेड फिरत होती. साहेब प्रत्येक ठिकाणी वाकून शेगडीच्या पायाखाली बघायचे. कुठं शेगडी स्थिर बसायची. कुठं पुढचा पाय उचललेला असायचा. आठव्या बेडवर मागचा डावा पाय उचलला गेला, लोक ओरडले, पण काडेपेटी आत शिरेना.

"नाही," तोयोसान म्हणाल्या. त्यांनी वाट बघितली नाही, साहेबांच्या आधी त्याच म्हणाल्या. "पुढे चला."

एकोणिसाव्यावर शेगडी टेकवली आणि भांडं डुगडुगलं, रश्शाचा एक ओघळ कडेवरून खाली आला. साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी काडेपेटी आडवी धरून मागच्या डाव्या पायाखाली सरकवली. ती अलगद गेली. त्यांनी वरून शेगडी दाबली, डावीकडून, उजवीकडून. ती हलली नाही. मग त्यांनी उरलेल्या सात बेडांवरही तेच करायला लावलं, तोवर कुणी डाव उचलू दिला नाही. एकावरही काडेपेटी बसली नाही.

"एकोणीस," साहेबांनी वहीत लिहिलं आणि उठून कपड्यांवरचा बर्फ झटकला. "आता वाढा."

त्या दुपारी आम्ही बर्फात बसून गरम रस्सा आणि गरम साके प्यायलो आणि कागदी बहराखाली गायलो. मारुयामासान अर्ध्या तासात चारवर आडवे झाले.

पण कासाहारा साहेबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. हे मला त्यांचं आवडतं. "बसून कळलं ते मान्य," ते म्हणाले, "पण बीड काय म्हणतंय ते बघू." सोमवारी ट्रक आला नाही. चारही बेड आत गेले, त्यांची वरची कातडी कापली, आणि कुणी हात न लावता दोन आठवडे सोडून दिले. आतला ताण सुटला नसेल तर कापल्यावर बेड या दिवसांत हळूहळू वाकतो. सरळ राहिला तर आमचं खरं. वाकला तर भट्टी.

ते दोन आठवडे तोयोसानना जेवण गेलं नाही. यजमानांनी एकदा लोणच्यात मीठ घातलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणजे बघा.

फेब्रुवारीच्या सातव्या दिवशी मोजमाप होतं. ते जुळणी विभागाच्या बंद खोलीत होतं, जिथं उन्हाळा-हिवाळा एकच तापमान असतं. मी तोयोसानना बोलवायला गेलो. त्या दारातच थांबल्या.

"मी आत कशी येऊ? माझे बूट बघ."

"बूट काढा."

"एकतीस वर्षांत कधी आले नाही मी इथं."

तेव्हा मला कळलं, की आपण सांभाळलेल्या बिडाचं पुढे काय होतं, हे या बाईंनी कधी पाहिलेलंच नाही. मी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. त्या पायमोज्यांवर आत आल्या, अंग चोरून. समोर चारी बेड ओळीने मांडलेले होते, वरून कापलेले, राखाडी, पाण्यासारखे सपाट. त्या सतराव्याजवळ गेल्या. आवारात बेड पालथे असतात; तिथली बसायची कच्ची बाजू आता खाली आली होती, आणि फुसाएसानची गाठ अजून तिथं होती. त्यांनी वरून हात फिरवायला उचलला आणि जुळणीच्या लोकांकडे बघून परत खाली घेतला.

"लावा हात," कासाहारा साहेब म्हणाले. "पुसून घेऊ."

त्यांनी तळवा टेकवला. किती तरी वेळ टेकवून ठेवला.

मग मोजणी सुरू झाली. सरळपट्टीच्या आधाराने मोजण्याचं घड्याळ बेडवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवत न्यायचं. बेड वाकलेला असेल तर घड्याळाचा काटा फिरतो. एका घराला एक मायक्रॉन, म्हणजे केसाचे सत्तर भाग केले तर त्यातला एक. जुळणीवाल्याने घड्याळ ठेवलं आणि सरकवायला घेतलं. तोयोसान मान पुढे काढून काट्याकडे बघत होत्या. घड्याळ अर्ध्यावर आलं. पाऊण आलं. तोयोसान माझ्याकडे झुकल्या.

"हे हलतच नाहीये रे," त्या घाबरून कुजबुजल्या. "बिघडलंय का?"

"बिघडलेलं नाही," कासाहारा साहेब म्हणाले. घड्याळ टोकाला पोचलं होतं. "दोन घरं. दोनच." त्यांनी पुढच्या बेडकडे बोट केलं, मग त्याच्या पुढच्या. दोन. तीन. एकोणीसवर फक्त दीड, रश्शाच्या भांड्याच्या बेडवर! जुळणीवाले एकमेकांकडे बघून हसायला लागले, कारण त्यांच्या हाताखालून आजवर इतका सरळ बेड क्वचितच गेला होता.

तोयोसाननी रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि मग आठवण होऊन घाबरून इकडेतिकडे पाहिलं, या खोलीत नाक शिंकरलेलं चालतं की नाही.

साहेबांनी वही मिटली. "तोयोसान, मार्चच्या शेवटी आणखी बारा बेड येतायत. आवारात जागा होईल?"

तोयोसानांचा चेहरा एकदम कामाचा झाला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"होईल की," त्या म्हणाल्या. "पण साहेब, खोपीमागे ती निळी गाडी उभी असते ना रोज, तुमची? ती तेवढी आजच काढा. तिथं तीन बसतात."

आणि पायमोज्यांवर टुकटुक चालत त्या बूट घालायला दाराकडे निघाल्या. साहेब खिशात किल्ली शोधत त्यांच्या मागे.